चारात एक म्हणजे एक झाला की पुढचे तीन सुटले का? आईला कसं समजावू?

हेदवीची आत्या

प्रश्न गणिताचा आहे, पण आमच्या घरातला आहे, म्हणून आधी घरातलं सांगते.

माझा भाचा येत्या दसऱ्याला चार वर्षांचा होईल. दहा महिन्यांचा असताना तो पांढराफटक पडायला लागला, दूध पिईना, पोट फुगलेलं. रत्नागिरीला रक्त तपासलं आणि थॅलेसेमिया मेजर निघाला, म्हणजे अंगात पुरेसं चांगलं रक्त तयारच न होण्याचा जन्मजात आजार. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी दादा आणि वहिनी त्याला घेऊन पहाटे घरातून निघतात. तवसाळच्या जेटीवर पहिली फेरीबोट, पलीकडे जयगड, तिथून रत्नागिरी. दिवसभर रक्त चढतं, घरी यायला रात्र होते. फेरीबोट म्हणजे सुई हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की नुसती जेटी दिसली तरी तो वहिनीच्या पदरात तोंड लपवतो.

डॉक्टरांनी तेव्हाच दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. तुम्ही दोघंही वाहक आहात, तुम्हाला स्वतःला त्रास नाही, पण मूल होताना ते आजारी असण्याची शक्यता चारात एक. आई दाराशी उभी होती. तिने ते वाक्य ऐकलं आणि तिच्यापुरता त्याचा अर्थ तेव्हाच लावून टाकला.

आता वहिनीला पुन्हा दिवस गेलेत. आठवा आठवडा चालू आहे. आई म्हणते, "चारात एक म्हणाले होते ना डॉक्टर? तो एक झाला. आपल्या वाट्याचं झालं भोगून. आता पुढची तीन सुखरूप." मावशीचं तेच, शेजारच्या काकूंचं तेच. दादा शिकलेला आहे, तोही मान डोलावतो. त्याला ते खरं वाटतं म्हणून डोलावतो की खरं असावं असं वाटतं म्हणून, मला कळत नाही. पण परिणाम असा की गर्भाची तपासणी करायला मुंबईला जायचं कुणी नावच काढत नाही. "कशाला उगाच पोटात सुया खुपसायच्या?" असं आई म्हणते. वहिनी काहीच बोलत नाही.

मी बारावी सायन्सला 'संभाव्यता' शिकले. स्वतंत्र घटना, गुणाकाराचं सूत्र, सगळं पाठ होतं. आईला म्हटलं, नाणं उडवलं आणि छापा आला तर पुढच्या वेळी काटाच येईल असं नसतं, नाण्याला मागचं आठवत नाही. आई म्हणाली, "नाणं आणि पोर एक का गं? आणि मग भिशीत काय होतं?"

इथे मी अडकले. आमच्या वाडीत बारा जणींची भिशी आहे, महिना हजार रुपये. बारा चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, दर महिन्याला एक काढायची, जिचं नाव निघालं तिची चिठ्ठी बाजूला. गेल्या वर्षी सात महिने आईचं नाव निघालं नाही, तेव्हा मीच तिला म्हटलं होतं, "आता तुझी वेळ जवळ आली." आणि ते खोटं नव्हतं. मग भिशीत मागचं मोजायचं आणि बाळाच्या बाबतीत मोजायचं नाही, असं का? मला मनातून माहीत आहे की आई चुकतेय. पण का चुकतेय ते तिच्या भाषेत सांगता येत नाही, आणि दिवस थोडे आहेत.

निवृत्त मास्तर (लांजा)

ताई, तुमच्या आईंनी फार योग्य जागी बोट ठेवलंय. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. मुलं नेमकी इथेच अडायची आणि मी फळ्यावर सूत्र लिहून पुढे जायचो, कारण धडा संपवायचा असायचा. त्याचं आज वाईट वाटतं. म्हणून सविस्तर लिहितो.

आईंचं भिशीचं गणित बरोबर आहे. पहिल्या महिन्यात त्यांचं नाव निघण्याची शक्यता बारात एक. सात नावं निघून गेली की डब्यात उरतात पाच चिठ्ठ्या, म्हणजे आठव्या महिन्यात पाचात एक. शक्यता वाढली, कारण डबा रिकामा होत गेला. मागे काय झालं ते डब्याने लक्षात ठेवलं, चिठ्ठ्यांच्या संख्येत.

आता नियम बदलू या. नाव निघालं की पैसे द्यायचे, पण चिठ्ठी घडी घालून परत डब्यात टाकायची. मग दर महिन्याला प्रत्येकीची शक्यता बारात एकच. एखादीचं नाव दोनदा येईल, एखादीचं वर्षभरात येणारच नाही. ठरावीक एखादीचं नाव बाराही महिन्यांत न येण्याची शक्यता शंभरात पस्तीस निघते, म्हणजे अशा भिशीत भांडणं होणार हे नक्की. तिथे सात महिने वाट पाहिलेल्या बाईला "आता तुझी वेळ आली" असं म्हणता येणार नाही.

तेव्हा कुठल्याही दोन घटनांपुढे एकच प्रश्न ठेवायचा: पहिलीत काय घडलं त्याची खबर दुसरीपर्यंत पोचायला काही वाट आहे का? वाट असेल तर मागचं मोजा. नसेल तर त्या घटना स्वतंत्र, मागचं मोजू नका.

बाळाच्या बाबतीत चिठ्ठी बाजूला ठेवली जाते की परत डब्यात जाते? हा आजार ज्या जनुकातल्या दोषामुळे होतो, त्याच्या तुमच्या दादाकडे दोन प्रती आहेत, एक चांगली, एक दोषाची. वहिनींकडेही तशाच दोन. मूल होताना दोघांकडून एकेक प्रत जाते. भाच्याला दादाची दोषाची प्रत मिळाली, पण ती दादाच्या अंगातून खर्ची पडली नाही. ती आजही त्याच्याकडे आहे. पहिल्या मुलाने काय नेलं ते दुसऱ्याला कळायला कुठलीच वाट नाही. डबा दर वेळी पुरता भरलेला.

हे तोंडी सांगून पटणार नाही, हाताने करून दाखवा. तुमच्या आईंनी लहानपणी चिंचोके फोडून पट खेळला असेलच. दोन फोडी घ्या, एक दादाची, एक वहिनींची. पांढरी बाजू वर आली तर दोषाची प्रत गेली, तपकिरी आली तर चांगली. दोन्ही पांढऱ्या म्हणजे मूल आजारी. एक पांढरी, एक तपकिरी म्हणजे आईबापांसारखं वाहक. दोन्ही तपकिरी म्हणजे दोष मुळीच नाही. एक टाकणं म्हणजे एक बाळ. आईंनाच टाकू द्या आणि तुम्ही नुसतं लिहीत जा. (फोड एका अंगाने सपाट आणि दुसऱ्याने फुगीर असते, तेव्हा दोन्ही बाजू अगदी सारख्या पडत नाहीत. काटेकोर मोजायचं तर दोन रुपयाची नाणी घ्या. पण आईंच्या हाताला चिंचोके ओळखीचे आहेत आणि इथे तेच जास्त महत्त्वाचं.)

आणि "चारात एक म्हणजे चार मुलांत बरोब्बर एक" हेही तपासून पाहा. दोघंही वाहक आणि चार मुलं, अशी २५६ घरं मनात आणा. आईंच्या हिशेबाने प्रत्येक घरात एकच आजारी मूल हवं. गणित काय सांगतं? ८१ घरांत एकही आजारी नाही. १०८ घरांत एक. उरलेल्या ६७ घरांत दोन किंवा त्याहून जास्त. म्हणजे 'एक झालं, तीन सुटली' हे निम्म्याहून कमी घरांत खरं ठरतं, आणि आपलं घर कुठल्या ढिगात आहे हे आधी कुणालाच माहीत नसतं.

हे चारात एकाचं प्रमाण आधी वाटाण्यात सापडलं. ग्रेगोर मेंडेल या पाद्र्याने मठाच्या बागेत वाटाणे लावले, दाणे मोजले आणि १८६६ साली छापले. ७३२४ दाण्यांपैकी ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. पण त्याने सुटी सुटी झाडंही नोंदवली आहेत. एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले, दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले! चारात एक हे हजारोंच्या राशीत दिसतं. एका शेंगेने ते पाळावं असं बंधन शेंगेवर नाही, आणि एका घरावरही नाही.

फक्त एक सांभाळा. सगळंच नाण्यासारखं असतं असं धरू नका. माझी हापूसची अकरा कलमं आहेत. एका वर्षी लगडली की दुसऱ्या वर्षी मोहर हात आखडतो, कारण झाडाने साठवलेलं सगळं फळांत घातलेलं असतं. झाडाला मागचं वर्ष आठवतं. प्रत्येक वेळी वाट शोधायची, आहे की नाही.

तांडेल (मालवण)

मास्तरांनी कलमांचं सांगितलं, मी दर्याचं सांगतो, कारण दर्यात आमची चूक तुमच्या आईसारखीच होते आणि खिशाला लागते.

बाबा म्हणायचे, "चार दिस रिकामे गेले, आता पाचव्या दिसाक गावतलाच" (म्हणजे मिळणारच). मीही वीस वर्षं तसंच म्हणत होतो. पण बांगडा, तारली हे थव्याने फिरणारं मासळं. थवा किनाऱ्याला लागला की आठवडाभर सगळ्यांच्या होड्या भरतात, लांब गेला की सगळ्यांची जाळी रिकामी. मग मी एका वहीत रोजचं लिहायला लागलो आणि दिसलं ते उलटंच: रिकाम्या दिवसामागून रिकामाच दिवस जास्त वेळा येतो. म्हणजे भिशीत मागचं बघून शक्यता वाढते, बाळाच्या बाबतीत तेवढीच राहते आणि आमच्याकडे कमी होते. "आता गावतलाच" म्हणत जाळलेलं इंधन आठवलं की अजून जीव जळतो.

दुसरी गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या होडीला दोन मशिनं. मुलगा पॉलिटेक्निकला आहे, त्याने हिशेब केला: एक मशीन पन्नास खेपांत एकदा दगा देतं असं धरलं, तर दोन्ही एकदम दगा देण्याची शक्यता पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे अडीच हजारांत एक. मी निर्धास्त. त्याच मोसमात नोव्हेंबरात देवबागच्या बाहेर पहिलं मशीन बंद पडलं आणि दहा मिनिटांत दुसरं. दोन्हींना पेट्रोल एकाच कॅनमधून आणि कॅनमध्ये पाणी गेलेलं. नांगर टाकून बसलो तिघे, वारा वाढत होता. शेजारच्या गावची होडी दिसली म्हणून ओढत आणलं. मुलाचा गुणाकार चुकला नव्हता, पण मशिनं स्वतंत्र नव्हती. आता प्रत्येकाचा कॅन वेगळा, आणि तो भरायचाही वेगळ्या दिवशी.

म्हणून ताई, विचारायचं धाडस करतो, राग मानू नका. तुमचा दादा आणि वहिनी नात्यातले आहेत का? असतील तर तिथेही कॅन एकच असू शकतो.

हेदवीची आत्या

राग कसला. वहिनी आईच्या मामेभावाची मुलगी. लग्नाच्या वेळी "घरातलीच पोर आहे, पारखलेली" म्हणून सगळे खूश होते. डॉक्टरांनी नातं विचारलं होतं हे आत्ता आठवलं. तेव्हा वाटलं, हा कसला प्रश्न.

आणखी एक गोष्ट आहे. दादाला कुणीतरी सांगितलंय की भावंडाचा बोनमॅरो जुळला तर भाचा पूर्ण बरा होऊ शकतो. तो त्या आशेवर आहे. त्याच्या मते नवं बाळ निरोगीही असेल आणि जुळेलही. त्याचं गणित कसं करायचं?

सूक्ष्मदर्शक (कुडाळ)

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आत्याताई, क्रमाने लिहिते, घाई आहे म्हणून थेट.

तांडेलांचा कॅनचा दाखला मी उद्यापासून वापरणार आहे. आपल्या देशात सरासरी शंभर माणसांत तीन-चार जण बीटा थॅलेसेमियाचे, म्हणजे भाच्याच्याच आजाराचे, वाहक असतात. चार धरा, म्हणजे पंचविसात एक. एकमेकांशी काही संबंध नसलेली दोन माणसं, दोघंही वाहक असण्याची शक्यता पंचवीस गुणिले पंचवीस, सव्वासहाशेत एक. पण हा गुणाकार परक्यांपुरता. एक माणूस वाहक आहे हे कळलं की त्याच्या सख्ख्या भावंडाची शक्यता निदान दोनात एक होते. सख्ख्या मामेभावंडात तोच दोष उतरलेला असण्याची शक्यता आठात एक. एकाच पूर्वजाची प्रत दोन फांद्यांनी खाली येते. लांबच्या नात्यात ती कमी होत जाते, एकाच समाजात पिढ्यानपिढ्या लग्नं झाली की पुन्हा वाढते. हा कुणाचा दोष नाही. पण पत्रिका बघता तसं रक्तही बघा, हे मी प्रत्येकाला सांगते.

आता बोनमॅरो. सख्ख्या भावंडाचं एचएलए (पेशींवरच्या खुणा, ज्यांवरून बोनमॅरो जुळतो की नाही ते ठरतं) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाळाला थॅलेसेमिया मेजर नसण्याची शक्यता चारात तीन. दोन्ही एकदम हवं तर गुणाकार करायचा, आणि इथे तो बिनधास्त करता येतो. का? मास्तरांचा प्रश्न विचारा: एकाची खबर दुसऱ्याला लागते का? थॅलेसेमियाचा दोष ज्यात असतो ते बीटा ग्लोबिनचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आणि एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर. दोन वेगळ्या चिठ्ठ्या, दोन वेगळ्या डब्यांतून. म्हणून तीन चतुर्थांश गुणिले एक चतुर्थांश, सोळात तीन. पाचात एकाहूनही थोडी कमी. आशा खोटी नाही, पण दादा जितकी धरून बसलेत तितकी मोठीही नाही. आणि ते बाळ आधी बाळ आहे, दादांनी हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

तपासणी साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात होते. वारेचा अगदी बारीक तुकडा घेऊन त्यातला डीएनए बघतात. त्यात थोडा धोका असतो, तो डॉक्टर समजावून सांगतील. पण त्याआधी आईवडिलांच्या जनुकात नेमका कुठला बदल आहे ते माहीत असावं लागतं, आणि त्यालाच वेळ जातो. भाच्याच्या फाइलमध्ये तो रिपोर्ट आहे का, आजच बघा. नसेल तर रत्नागिरीच्या पुढच्या खेपेची वाट बघत बसू नका. तपासणीनंतर काय करायचं ते त्या दोघांनी ठरवायचं, आपण नाही. पण ठरवायला हातात काहीतरी असलं पाहिजे.

निरोगी निघालेलं मूलही वाहक असू शकतं, हे घरच्यांना सांगून ठेवा. मास्तरांच्या चिंचोक्यांत 'दोन्ही पांढऱ्या' काढून टाकल्या की उरलेल्या तीन सारख्या शक्यतांपैकी दोनांत एक पांढरी असते. म्हणजे निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन.

शेवटचं, आणि यासाठीच मुख्यतः लिहायला बसले. आत्याताई, दादा वाहक आहे म्हणजे तुमच्या आईवडिलांपैकी निदान एक वाहक असणार. तुम्ही स्वतः कधी तपासलंय का? साध्या रक्ततपासणीत लाल पेशी लहान दिसतात, आणि पुष्कळ बायकांना ते 'रक्त कमी आहे' म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्यांवर ठेवलं जातं. एचपीएलसी नावाची तपासणी करा. त्यात एचबी ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साडेतीन टक्क्यांच्या वर आलं तर बहुतेक वेळा वाहक असतात. तुमची शक्यता निदान दोनात एक आहे. लग्न ठरायच्या आधी हे कळलेलं बरं.

बाजारपेठ (चिपळूण)

मी व्यापारी, गणितातला नाही. पण "आपल्या वाट्याचं झालं भोगून" हे वाक्य वाचलं आणि थांबलो, कारण हेच वाक्य आमच्या दुकानात सोळा वर्षं बोललं गेलं.

२६ जुलै २००५ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं. वडील तेव्हा म्हणाले, असा पूर शंभर वर्षांतून एकदा, आता आपल्या हयातीत नाही. त्या भरवशावर आम्ही गोदाम परत तळालाच भरलं, विम्याचा हप्ताही एका वर्षी सोडून दिला. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं ते आधीपेक्षा वर. वडिलांच्या हातच्या चोपड्या लगदा झाल्या. माल गेला त्याहून ते जास्त लागलं.

नंतर एका इंजिनियरने समजावलं. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे दर वर्षी शंभरात एक. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता शून्य होत नाही, तीच राहते. दर वर्षी शंभरात एक धरलं तर तीस वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात सव्वीस. दुकान तीस वर्षं चालवायचं असेल तर सव्वीस टक्के ही काही सोडून द्यायची गोष्ट नाही. आणि डोंगर उघडे पडले, नदीत गाळ साठला, तर तो शंभरात एकही एकच राहील याची खात्री कोण देणार?

आता आमच्याकडे जुलै-ऑगस्टात माल माळ्यावर असतो आणि चोपड्यांचे फोटो मुलाच्या फोनमध्ये. पूर आला नाही त्या वर्षी चढउतरणीची हमाली फुकट गेली असं वाटतं खरं, पण ती मी देतो.

हेदवीची आत्या

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय. मधे बरंच झालं.

सूक्ष्मदर्शक ताईंचं वाचलं त्याच रात्री फाइल काढली. भाच्याचा डीएनएचा रिपोर्ट त्यात होता, तीन वर्षांपूर्वीचा, दोन बदलांची नावं लिहिलेला. कुणी उघडून पाहिलाच नव्हता. म्हणजे तेवढा वेळ वाचला.

चिंचोके शेजारच्या काकूंकडून आणले. आई म्हणाली, हे काय भलतंच, पण फोडायला तीच बसली. तिचा हात बसलेला आहे, एका ठोक्यात बरोबर दोन भाग. जेवणं झाल्यावर ओटीवर दिव्याखाली बसलो, आई, वहिनी आणि मी. दादा झोपाळ्यावर. मी आईला सांगितलं, ही फोड दादाची, ही वहिनीची, टाक.

पहिल्याच टाकण्यात दोन्ही पांढऱ्या. आई म्हणाली, "हा आपला बाळ्या." मी लिहिलं. दुसऱ्यांदा टाकल्या, एक तपकिरी आली. तिसऱ्यांदा एक तपकिरी. चौथ्यांदा पुन्हा दोन्ही पांढऱ्या. आईने फोडी उचलल्या नाहीत, तशीच बघत राहिली. मग म्हणाली, "परत टाकते." चाळीस वेळा टाकल्या आम्ही. अकरा वेळा दोन्ही पांढऱ्या आल्या. एकदा तर लागोपाठ तीनदा. एकदा नऊ टाकण्यांत एकदाही नाही. मी कागद तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावून बोटाने एकेक ओळ पाहिली आणि म्हणाली, "म्हणजे चिठ्ठी परत डब्यात जाते."

मास्तर, हे मी तिला सांगितलं नव्हतं. भिशीचं बोलायला मी सुरुवातच केली नव्हती. तिने स्वतः जोडलं.

दादा झोपाळ्यावरून उठून आत गेला. मला वाटलं रागावला. तो फाइल घेऊन बाहेर आला आणि सोळात तीनचं विचारलं. मी सहाव्या आणि अकराव्या गुणसूत्राचं जमेल तसं सांगितलं. त्याने कागदावर सोळा चौकोन काढले, तीन रंगवले आणि बराच वेळ बघत बसला.

आणि वहिनी तेव्हा बोलली. म्हणाली, "मला ते कधीच पटलं नव्हतं. पण मी म्हटलं असतं तर आईंना वाटलं असतं की स्वतःच्या पोराबद्दल अशुभ बोलते." आईने तिला काही उत्तर दिलं नाही. उठून तिच्यासाठी दूध गरम करून आणलं.

मुंबईची तारीख २४ ला मिळाली आहे. तेव्हा बारावा आठवडा असेल. आईने स्वतःहून सांगितलंय की बाळ्याला त्या दोन दिवसांत ती सांभाळेल, तुम्ही त्याची काळजी करू नका.

तांडेल, तुमचा कॅन दादाला फार पटला. चिपळूणकर, तुमचं आईला वाचून दाखवलं. चोपड्यांपाशी आल्यावर ती म्हणाली, "पुन्हा वाच."

सूक्ष्मदर्शक ताई, परवा भाच्याच्या खेपेला मी आणि आईही गेलो होतो फेरीबोटीने. दोघींनी एचपीएलसीसाठी रक्त दिलं. सुई टोचताना भाचा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "आत्या, तुला पण?" रिपोर्ट सोमवारी मिळेल. आकडे मला वाचता येतील असं वाटतं, पण तुम्हाला इथे विचारल्याशिवाय मी काही ठरवणार नाही.